यादीबाहेरची माणसं : नागपुरातल्या जुन्या क्लबांवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२४

धरमपेठेत गटाची बैठक झाली. जानेवारीतल्या भित्तीप्रदर्शनाचा विषय पक्का झाला: नागपुरातली क्लब-संस्कृती आणि तिचे सभासद. मसुद्यावर आधी ‘गौरवशाली परंपरा’ असं होतं, त्यातलं ‘गौरवशाली’ मी खोडलं. कुणी फार वाद घातला नाही, चहा यायचा होता.

वकीलकाकांचं म्हणणं सोपं: “मेंबरांची यादी आण, चार जुने फोटो आण, झालं तुझं प्रदर्शन.” मला तेवढ्यावर थांबायचं नाही. यादीत जे आहेत ते अभिनंदनाच्या ठरावांत, फलकांवर, चांदीच्या कपांवर आधीच कोरलेले आहेत. ज्यांना आत घेतलं नाही त्यांची यादी मात्र कुठल्याच क्लबाच्या दफ्तरात नसते. ती राहू नये, अशीच निवडीची पद्धत बसवलेली असते. मग आपण दाराच्या बाहेरून सुरुवात का करू नये? काका म्हणाले, “बाहेरून काय दिसते रे? कुंपण दिसते.” म्हटलं, तेच दाखवू.

११ ऑक्टोबर

आधी नकाशा. सीताबर्डीची टेकडी मध्ये धरली की शहराचे दोन भाग आपोआप पडतात. पूर्वेला महाल, इतवारी, भोसल्यांचं जुनं नागपूर. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, साहेबांची वस्ती. नोव्हेंबर १८१७ मध्ये याच टेकडीवर भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, औरस वारस नव्हता, आणि पुढल्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे इथवर आली. कामठीची छावणी तर १८२१ पासूनच होती.

म्हणजे चीफ कमिशनर, सेक्रेटरी, जज्ज, पोलीस, जंगल खातं, रेल्वे, मिशनरी आणि फौजी असा साहेबांचा पुरेसा मोठा जथा इथे जमला होता. जिल्ह्याच्या गावात दहा-बारा साहेब असले तरी ते एक खोली, एक बिलियर्डचं टेबल आणि महिन्याभरापूर्वीची विलायती वर्तमानपत्रं जमवून क्लब थाटायचे. इथे तर प्रांताची राजधानी. आजही सिव्हिल लाइन्समध्ये सीपी (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) क्लब आहे, गोंडवाना क्लब आहे. एकाच्या नावात प्रांत, दुसऱ्याच्या नावात त्याच्याही आधीचं गोंडांचं राज्य. दोन्ही पुसली गेली, पाट्या तेवढ्या राहिल्या.

१६ ऑक्टोबर

वंशावळीचा फलक लिहून काढला. तो आखूडच ठेवतोय, कारण हा भाग कुणालाही सापडेल. लंडनमध्ये १६९३ साली एका इटालियन माणसाने चॉकलेट पिण्याचं दुकान काढलं, त्याचा पुढे व्हाइट्स क्लब झाला. तिथून ती तऱ्हा कंपनी सरकारबरोबर इकडे आली: कलकत्त्यात बेंगाल क्लब १८२७, मद्रास क्लब १८३२, मुंबईत भायखळा क्लब १८३३.

लंडनचा क्लब आणि इथला क्लब यांत फरक आहे आणि फलकावर तो ठळक यायला हवा. लंडनला एक क्लब टोरी पक्षाचा, दुसरा व्हिग पक्षाचा, तिसरा लेखकांचा. शंभर दारं होती, एकाने नाकारलं तर दुसरं. इथे गावात दार एकच, आणि त्याच्या आत कोण हे कातडीच्या रंगावर ठरायचं. आतल्या गोऱ्यांतही उतरंड होतीच. आयसीएसवाला (बडा सनदी अधिकारी) वर, फौजी त्याच्या बाजूला, डॉक्टर-इंजिनियर जरा खाली, व्यापारी आणखी खाली आणि दुकानदारी करणारा गोरा बहुधा बाहेरच. आपल्याकडच्या वाचकाला ही उतरंड वेगळी समजवावी लागणार नाही.

बायकांना सभासदत्व नसे. नवऱ्याच्या नावावर त्यांनी यायचं, तेही आपल्या वेगळ्या खोलीत. साहेब लोक त्या खोलीला ‘मुर्गीखाना’ म्हणत. हे विनोद म्हणून म्हणत आणि बायकांच्या समोरच म्हणत. लंडनच्या १८३१ सालच्या गॅरिक क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचा निर्णय याच वर्षी मे महिन्यात घेतला. म्हणजे विषय काही फार जुना नाही.

२३ ऑक्टोबर

आज सगळा वेळ मतदानाच्या पेटीवर गेला आणि प्रदर्शनातली सगळ्यात चांगली वस्तू तीच ठरेल असं वाटतं.

नवा सभासद घ्यायचा तर आधी एक प्रपोजर (नाव सुचवणारा), एक सेकंडर (दुजोरा देणारा). उमेदवाराचं नाव फलकावर लावायचं, काही आठवडे ते सगळ्यांच्या नजरेखालून जाऊ द्यायचं. मग मतदान. लाकडी पेटी, तिला हात आत जाईल एवढं तोंड, आत दोन कप्पे, होकाराचा आणि नकाराचा. सभासदाने गोटी मुठीत धरून हात आत घालायचा आणि कुठल्या कप्प्यात सोडली ते बाहेर कळू द्यायचं नाही. जुन्या रिवाजात पांढऱ्या आणि काळ्या गोट्या असत. काही क्लबांत एक काळी गोटी पडली तरी माणूस बाद, काहींत ठराविक प्रमाणात पडाव्या लागत.

कारण विचारायची सोय नाही. कुणी विरोध केला हे कळायची सोय नाही. निकाल लागला की गोट्या पुन्हा एकत्र. इतिवृत्तात नाव येतं ते निवडून आलेल्याचं. नाकारलेल्याच्या प्रपोजरला कुणीतरी हळूच सुचवतं की अर्ज मागे घ्या, म्हणजे नकाराची नोंदसुद्धा उरत नाही. पूर्वी आपल्या गावांत जातपंचायत वाळीत टाकायची, तेव्हा निदान पंच कोण होते ते माहीत असायचं.

मला पेटीची प्रतिकृती करून हवी आहे. गटातल्या आर्किटेक्ट ताई म्हणाल्या, सागवानाची नको, एमडीएफची करू, बजेट बघ. प्रदर्शनाला येणाऱ्याच्या हातात गोटी द्यायची आणि समोर एक अनोळखी नाव लिहून ठेवायचं, त्या माणसाबद्दल दुसरं काही सांगायचं नाही.

७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर कामाला लागलो. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या क्लबात जाऊन आलो. नाव इथे लिहीत नाही. जाण्यासाठी एका सभासदाने आपल्या नावावर पाहुणे म्हणून रजिस्टरमध्ये आमची नोंद केली. इतिहास लिहायला आलोय असं सांगितल्यावर ऑफिसातल्या गृहस्थांनी नम्रपणे विचारलं, “कुणासाठी लिहिताय?” जुनी इतिवृत्तं बघायला मिळाली नाहीत. व्हरांडा, कार्ड रूम आणि अध्यक्षांचा फलक बघायला मिळाला.

फलक पुरेसा बोलका आहे. वरची नावं सगळी इंग्रजी, पुढे आयसीएस, सीआयई (सरकारी किताब) अशी शेपटं. मग हळूहळू आपली नावं येतात, पण शेपटं आधी तशीच राहतात. आणखी खाली आलं की शेपटं जातात आणि आडनावं बदलतात: न्यायमूर्ती, डॉक्टर, मग कोळसा, संत्री, बांधकाम. शहराच्या सत्तेचा इतिहास एका लाकडी फळीवर सोनेरी रंगात लिहिलाय, फक्त वाचायचा वरून खाली.

आमच्यातल्या एकाच्या पायात चपला होत्या, त्यामुळे त्याला आतल्या हॉलमध्ये जाता आलं नाही. एम. एफ. हुसेन यांना मुंबईच्या विलिंग्डन क्लबातून अनवाणी पायांमुळे परत पाठवलं होतं, हे त्याने तिथेच मोठ्याने सांगितलं. आमचे यजमान ओशाळले. तसं बघितलं तर २०१४ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनाही धोतर नेसले म्हणून चेन्नईतल्या क्रिकेट क्लबात शिरू दिलं नव्हतं, आणि तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा करून वेष्टीवरची (तिकडच्या धोतरावरची) असली बंदी उठवली. महाराष्ट्रात धोतरासाठी कुणी कायदा करेल असं वाटत नाही. आपल्याकडे धोतरवाल्यांनीच क्लबात जाताना पँट घालायला सुरुवात केली.

१४ नोव्हेंबर

एका जुन्या मार्करच्या घरी, सदर भागात. ते स्वतः आता नाहीत, मुलगा भेटला. तोही सत्तरीचा. बिलियर्डच्या टेबलापाशी उभं राहून गुण मोजायचे, क्यूला खडू लावून द्यायचा, साहेबाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचं, हे मार्करचं काम. काका (मी त्यांना काकाच म्हटलं) सांगत होते:

“आमचे बाबा साहेबायपेक्षा चांगले खेळत. पण जिंकायचं किती आन हरायचं किती, ते त्यांना बरोबर कळे. रोज जिंकला त मार्करची नोकरी गेली, रोज हरला त साहेबाले मजा नाही. लई हुशारीचं काम होतं बाप्पा.”

याच्यावर एक पूर्ण फलक. साहेबाच्या आठवणी छापल्या जातात, मार्कर तोंडी सांगून जातो. खानसामा, बेअरर, अब्दार (दारू-पाणी गार ठेवणारा), माळी, टेनिसचे चेंडू वेचणारी पोरं, उन्हाळ्यात खसाच्या ताट्यांवर दिवसभर पाणी मारणारे, पंख्याची दोरी ओढणारे. नागपूरचा मे महिना या लोकांच्या हातांवर निघायचा. तोही सगळा नाही, कारण उन्हाळ्यात प्रांताचं सरकार पचमढीला जायचं आणि क्लब अर्धा रिकामा व्हायचा. साहेब थंडीकडे गेले की ताटीवाल्याची मजुरी चालू राहायची का, हे काकांना विचारलं. “मजुरी काम असलं त. बाकी काय, संत्र्याच्या बागेत जाचे.”

रोख पैशाचा व्यवहार क्लबात नसे. चिटवर सही करायची आणि महिन्याअखेर बिल. त्यामुळे सभासद आठवड्यातून किती वेळा आला, काय प्याला, कुणाला पाजलं, हे सगळं चिटांमध्ये असे. बेअररला वाचता येत नसलं तरी कुणाची सही कशी ते ओळखू येई. चिटा मात्र बिल झालं की जाळत.

स्नूकरचा धागाही इथेच जोडतो. तो खेळ १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या फौजी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने जमवला (पुढे पंतप्रधान झालेला तो वेगळा). नियम पक्के झाले उटीच्या क्लबात. जबलपूर तेव्हा आपल्याच मध्य प्रांतात. आज जगभर टीव्हीवर दिसणारा खेळ आपल्या प्रांतात पावसामुळे वेळ जात नव्हता म्हणून निघाला, हे लोकांना आवडेल. त्या टेबलाशेजारी मार्कर कोण होता, हे मात्र लिहून ठेवावंसं कुणाला वाटलं नाही.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. सगळं बंद, काम नाही.

२७ नोव्हेंबर

प्रदर्शनाचा कणा सापडला: १९२३ चा झेंडा सत्याग्रह.

आपल्याकडे शाळेत तो दोन ओळींत संपतो आणि मुलांना वाटतं की भांडण झेंड्याचं होतं. झेंड्याचं होतंच, पण रस्त्याचंही होतं. शहरात झेंडा घेऊन फिरण्यावरून एवढं रान उठलं नव्हतं. जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, १३ एप्रिलला, मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे वळली आणि पोलिसांनी ती अडवून लोकांना मारलं. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला, आणि तिकडे रहिवाशांना उपद्रव होतो म्हणून १४४ कलमाखाली झेंड्याच्या मिरवणुकींना बंदी आली. रोज एक तुकडी निघायची, त्या अदृश्य रेषेपर्यंत जायची आणि अटक करून घ्यायची. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल नागपुरात येऊन बसले. देशभरातून स्वयंसेवक आले, दीड हजारांहून जास्त लोक आत गेले. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनाही अटक झाली. १८ ऑगस्टला मिरवणूक झेंडे घेऊन सिव्हिल लाइन्समधून गेली, तेव्हा सत्याग्रह थांबला.

क्लबाच्या इतिहासात हे कशाला, असं आज गटात विचारलं गेलं. माझं उत्तर: क्लबाचं कुंपण क्लबाच्या फाटकाशी नव्हतंच. ते टेकडीच्या अलीकडे होतं. आख्खी सिव्हिल लाइन्स हाच एक क्लब होता. माळी, धोबी, चपराशी म्हणून आत येणाऱ्याला कुणी अडवत नव्हतं, तोच माणूस हातात झेंडा घेऊन आला की १४४ लागत होतं. नोकर म्हणून ये, पाहुणा म्हणूनही एखाद्या वेळी ये, हक्काने येऊ नको. सभासदत्वाचा नियम याहून वेगळा काय असतो?

वकीलकाका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हा फलक सगळ्यात मोठा कर.”

३ डिसेंबर

नाकारलेल्यांनी काय केलं, हा पुढचा फलक.

कलकत्त्याची गोष्ट अशी सांगतात की व्हाइसरॉय मिंटोंनी उद्योगपती राजेंद्रनाथ मुखर्जींना बेंगाल क्लबात जेवायला बोलावलं आणि तिथे त्यांना घेता आलं नाही; त्यातून १९०७ मध्ये गोऱ्या-काळ्या दोघांना घेणारा कलकत्ता क्लब उभा राहिला. मुंबईत विलिंग्डन क्लबाबद्दलही असंच ऐकायला मिळतं. गोष्टी सांगून सांगून गुळगुळीत झाल्या असतील, पण क्लब निघाले हे खरं. बेंगाल क्लबाने भारतीय माणसाला सभासद करून घेतलं ते १९५९ मध्ये, स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांनी.

मात्र ‘आपले’ क्लब निघाले की सगळ्यांचे झाले, असं दाखवलं तर ती खोटारडेपणाची गोष्ट होईल. मुंबईत पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखाने वेगवेगळे झाले. पळवणकर बाळू हा त्या काळातला सगळ्यात भेदक डावखुरा फिरकी गोलंदाज, दलित समाजातला. पुण्यात हिंदूंच्या संघाला सामने जिंकून द्यायला तो चालत होता, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. साहेबाने दारावर ठेवलेली गोटी आपण आपल्या पेटीत जशीच्या तशी घेतली. हे वाक्य फलकावर ठेवायचं की नाही यावर आज मत पडलं. राहिलं.

नागपूरकरांपुरतं बोलायचं तर मान-मरातब मिळायला अडचण नव्हती. सर गंगाधरराव चिटणवीस, सर बिपिनकृष्ण बोस (१९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं, त्याचे पहिले कुलगुरू), सर माणेकजी दादाभाय (दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटचे अध्यक्ष) ही सगळी आपल्या शहराची माणसं. सरकार ‘सर’ करायला तयार होतं. पत्त्यांच्या टेबलावर शेजारी बसवून घेणं ही वेगळी परीक्षा होती, आणि तिचे पेपर तपासणारे वेगळे होते.

१८८३ मध्ये इल्बर्ट बिल आलं, मोफसलातल्या (मोठ्या शहरांबाहेरच्या) भारतीय न्यायाधीशासमोर गोऱ्याचा खटला चालावा म्हणून. तेव्हा देशभरच्या क्लबांतून आणि मळ्यांतून इतका गदारोळ झाला की सरकारला ते पातळ करावं लागलं. २ जानेवारी १९३६ रोजी नागपूरला हायकोर्ट आलं. पुढे त्याच कोर्टाच्या सरन्यायाधीशपदी भवानीशंकर नियोगी, व्हिव्हियन बोस (बिपिनकृष्णांचे नातू), मग महंमद हिदायतुल्ला. दिवसा गोऱ्याला शिक्षा देऊ शकणारा माणूस संध्याकाळी त्याच्याबरोबर टेनिस खेळू शकतो का, हा प्रश्न अशा गावात कायम टांगता राहू शकत नव्हता.

१६ डिसेंबर

आजपासून विधिमंडळाचं अधिवेशन. काल राजभवनात मंत्र्यांचे शपथविधी झाले, त्यामुळे सदरपासून सगळीकडे गाड्याच गाड्या. मला ग्रंथालयात पोचायला लांबून वळसा घालावा लागला. मोर्चे नेहमीसारखे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवलेले. सिव्हिल लाइन्सकडे जायला पास लागतो. अंगणवाडीच्या बाया रस्त्यावर बसून डबे खात होत्या. १९२३ च्या नकाशावर बॅरिकेड कुठे होते आणि आज कुठे आहेत, ते एकावर एक ठेवून बघावं असं मनात आलं. ताई म्हणाल्या, प्रदर्शनाला परवानगी हवी आहे ना तुला?

नकाशे शेजारी शेजारी लावणार आहोत, एकावर एक नाही. बघणाऱ्याला डोळे आहेत.

२१ डिसेंबर

१९५६ चा फलक. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नागपूरचं हायकोर्ट खंडपीठ झालं. तीन आठवड्यांच्या आत शहराच्या एका टोकाला माणसं ‘आत घेता का’ हे विचारणंच सोडून देत होती, आणि दुसऱ्या टोकाला आत बसलेले सामान बांधत होते. सेक्रेटरी, डायरेक्टर, खातेप्रमुख भोपाळला गेले. क्लब चालवायचे तर वर्गणी भरणारा माणूस पाहिजे. तो आता वकील, डॉक्टर, ठेकेदार आणि कारखानदारांतून येणार हे ओघानेच आलं. फलकावरची शेपटं तिथे गळाली.

वकीलकाकांच्या आग्रहाखातर कराचा एक छोटा चौकोन. सभासदांनी मिळून काढलेला क्लब सभासदालाच जेवण देतो, तर त्यात विक्री झाली का? स्वतःच स्वतःला कसं विकणार, असा क्लबांचा युक्तिवाद. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलकत्ता क्लबाच्या खटल्यात तो मान्य केला. २०२१ च्या फायनान्स अ‍ॅक्टने जीएसटीसाठी क्लब आणि सभासद हे दोन वेगळे मानले, तेही २०१७ पासून मागे जाऊन. “म्हणजे बघ,” काका खुश होऊन म्हणाले, “कर भरायची वेळ आली की क्लब म्हणते आमच्यात आतला-बाहेरचा कोणी नाही.”

४ जानेवारी २०२५

ज्या सभासदांनी आम्हाला पाहुणे म्हणून आत नेलं होतं त्यांना फलकांची छपाई दाखवली. मार्करचा आवडला. फळीवरच्या नावांचा आवडला. झेंडा सत्याग्रहाच्या फलकाला त्यांची हरकत नाही, पण तो ‘क्लब’ या शीर्षकाखाली नको, स्वातंत्र्यलढ्याचा वेगळा विभाग करा म्हणाले. बाळूच्या फलकावर काही बोलले नाहीत, पुन्हा एकदा वाचला आणि चष्मा पुसला.

विभाग वेगळा करणार नाही. हे त्यांना मी स्वतः फोन करून सांगितलं, ते म्हणाले, “ठीक आहे, उद्घाटनाला येतो, पण भाषण नको सांगू.”

पेटी तयार होऊन आली. तोंड जरा अरुंद झालंय, जाड मनगटाच्या माणसाचा हात अडकतो. सुताराकडे परत पाठवली. गोट्या सीताबर्डीतून घेतल्या, काळ्या मिळाल्या नाहीत म्हणून गर्द निळ्या. समोर ठेवायच्या कार्डावर काय लिहायचं याचा निकाल शेवटी ताईंनी लावला: आडनाव नाही, धंदा नाही, फक्त नाव, आणि त्याखाली प्रपोजर-सेकंडरच्या दोन रिकाम्या ओळी. फलकांचा मजकूर सोमवारी छपाईला जाईल. मार्करच्या मुलाला, त्या काकांना, आणायला गाडी कुणाची जाणार, तेवढं ठरायचं आहे.